माझ्या फाईलीतला शिकमीदार

शिकमीदार म्हणजे पोटकूळ नव्हे. हे एक वाक्य सांगायला मी गेल्या वर्षभरात सेलूला गेलो, पूर्णेला गेलो, गंगाखेडला तर चार खेपा केल्या. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. एकाने चहा पाजला आणि म्हणाला, "मुन्शीजी, एवढ्यासाठी आलात? फोन करायचा होता की."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत. त्यातली एक सांगतो आणि मग जे सांगायचं ते सांगतो.

परभणीत मला मुन्शीजी म्हणतात. एका सरकारी कचेरीत, जुन्या दप्तराच्या खोलीत मी कारकून होतो. निवृत्त झाल्यावर त्याच दप्तरातले कागद वाचून द्यायचं काम धरलं. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आज्या-पणज्यांच्या काळातले जमिनीचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत. ज्याची जमीन, त्यालाच ते वाचता येत नाहीत. तो कचेरीतून नक्कल काढून माझ्याकडे आणतो, मी तिचं मराठी करतो आणि खाली सही करतो. माझे वडील उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी लहानपणी मला पाटीवर अलिफ-बे गिरवायला लावलं होतं, ते म्हातारपणी कामी आलं.

छापील उर्दू वाचणं वेगळं आणि घोड्यावरून चार गावं फिरून आलेल्या गिरदावराचं, म्हणजे महसुली तपासनिसाचं, घाईतलं अक्षर वाचणं वेगळं. तो नुक्ते द्यायचा कंटाळा करतो. नुक्ता म्हणजे अक्षराच्या वरचा-खालचा ठिपका. ठिपके नसले की ब, प, त, न सगळे एकसारखे दिसतात. मग गाव कोणतं, घराणं कोणतं, बांधाला बांध कोणाचा, हे पाहून शब्द लावावा लागतो.

सेलूकडचे एक गृहस्थ असाच एक कागद काचेच्या चौकटीत घालून घेऊन आले. म्हणाले, आमच्या खापरपणज्याला मिळालेली सनद आहे, दर दसऱ्याला पूजा होते. चौकटीवर हळदकुंकू वाळून टणक झालं होतं. मी भिंग लावून वाचलं. कोंडवाड्यातून एक भुरी म्हैस, उजवं शिंग मोडलेली, मालकाच्या ताब्यात दिल्याचा तो दाखला होता. मी तसं सांगितलं. गृहस्थांनी चौकट माझ्या हातातून काढून घेतली. "तुमाला उर्दू येत न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. पुढे त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं, त्यानेही म्हैसच सांगितली, असं कानावर आलं. पूजा अजून चालू आहे.

ही गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा सांगितली आहे. शेवटी छाती काढून म्हणत असे, आपलं काम एकच, म्हैस असेल तर म्हैस वाचायची. आता गोष्ट सांगतो, पण हे शेवटचं वाक्य गाळतो.

कारण माझी फाईल.

या धंद्यात प्रत्येकाजवळ स्वतःचा शब्दसंग्रह असतो. छापील कोशांत दरबारी आणि शायरीचे शब्द सापडतात, पण तलाठ्याच्या दप्तरातला शब्द आपल्या भागात कोणत्या अर्थाने वापरत, ते तिथे मिळत नाही. नोकरीत होतो तेव्हापासून अडलेला शब्द मी एका लांबड्या वहीत टिपायचो. वहीची अडचण अशी की शब्द अक्षरवार लावता येत नाहीत. 'म'ची पानं भरून गेली आणि 'ढ'ची कोरी राहिली. मग चिठ्ठ्या करून बुटाच्या खोक्यात ठेवल्या. त्या एकदा उंदराने कुरतडल्या.

माझी मुलगी वर्षा शाळेत संगणक शिकवते. तिने मला घरचा जुना संगणक दिला. मी हौसेने सगळे शब्द मराठीच्या एका जुन्या फॉण्टात टाइप केले, मथळे जाड केले, उर्दू शब्दांना हिरवा रंग दिला. संगणक बदलला आणि नव्या यंत्रावर ती फाईल उघडली, तर सगळीकडे इंग्रजी टोप्या आणि वेलांट्यांचा चिवडा. वर्षभराची मेहनत माझी मलाच वाचता येईना.

तेव्हा वर्षाने मला टेक्स्ट फाईल दाखवली. म्हणाली, "बाबा, यात रंग नाही, जाड-बारीक नाही, चौकटी नाहीत. नुसती अक्षरं. म्हणून ही कुठल्याही यंत्रावर उघडते आणि बिघडायला तिच्यात काही नसतंच."

मला ते फार पटलं. पण नुसत्या अक्षरांतही शिस्त लावावी लागते, नाहीतर तो शब्दांचा ढीग होतो. आधी मी एका ओळीत शब्द, स्वल्पविराम, मग अर्थ असं लिहिलं. तर अर्थातच स्वल्पविराम यायला लागले आणि कुठला कशाचा ते कळेना. शिवाय उर्दू उजवीकडून चालते. मराठीच्या ओळीत उर्दू शब्द घातला की ओळ उड्या मारायची, शेवटचा शब्द आधी यायचा. अखेर एका शब्दाला एक परिच्छेद, आत चार ओळी आणि दोन शब्दांमध्ये एक कोरी ओळ, अशी रीत बसली. ती अशी दिसते:

शब्द: मुतवफ्फी
उर्दू: متوفی
अर्थ: मयत
कुठे: वारसाच्या नोंदीत, गंगाखेडकडचे कागद

अक्षरवार लावायची गरजच उरली नाही. शोध म्हटलं की शब्द पुढ्यात. आणि एक खूण होती. ज्या अर्थाची मला खात्री नाही, त्याच्या आधी मी प्रश्नचिन्ह टाकत असे. 'अर्थ: ? अमुक' म्हणजे हा माझा अंदाज आहे, सही करण्याआधी कोणाला तरी विचार. ही खूण वहीपासूनची, वहीत ती लाल पेन्सिलीने असे. फाईलीत लाल नव्हतं, पण चिन्ह होतं.

मग मधल्या काळात दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची धांदल उडाली. प्रत्येक तालुक्याला उर्दू वाचणारा माणूस हवा झाला आणि ज्यांना अलिफ-बेच्या पुढे येत नव्हतं तेही टेबल मांडून बसले. मला फोन यायला लागले. "मुन्शीजी, तुमची ती शब्दांची फाईल द्या ना." जन्मात कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी फाईल उघडून त्यांच्या नजरेने पाहिली, तर पानोपानी प्रश्नचिन्हं. ज्याला सगळे मुन्शीजी म्हणतात त्याला एवढ्या शंका? मला ते बरं दिसेना.

वर्षा तेव्हा घरी आली होती. मी तिला विचारलं, एखादं चिन्ह सगळ्या फाईलीतून एकदम काढता येतं का?

"येतं. कुठलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ती काढू नका. तीही माहितीच आहे."

मी म्हणालो, "अगं, लोकांना अर्थ पाहिजेत. माझ्या शंका घेऊन ते काय करतील?"

तिने कसं करायचं ते दाखवलं, पण स्वतः केलं नाही. ती गेल्यावर मी केलं. वरच्या खणात प्रश्नचिन्ह, खालचा खण कोरा, आणि 'सगळीकडे बदला'. डोळ्याचं पातं लवायच्या आत फाईल स्वच्छ झाली. इतकी देखणी दिसली की मी तीच जतन केली, जुनी ठेवलीसुद्धा नाही. नंतर वहीवरून मोजलं, एकशे बारा प्रश्नचिन्हं होती. माझे एकशे बारा अंदाज त्या एका क्षणात खात्री होऊन बसले. वर मी पहिल्या ओळीत माझं नाव घातलं आणि पेन ड्राइव्हवरून, व्हॉट्सॲपवरून फाईल जिल्हाभर वाटली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी कौसाबाई आली.

गंगाखेडपासून थोडं पुढे, गोदावरीच्या काठच्या गावची बाई. पन्नाशी उलटलेली. नवरा वारल्यापासून माहेरी म्हाताऱ्या आईजवळ राहायची आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर उसाला जायची. गावात तिच्या आज्याच्या चुलतभावाची भावकी आहे. नदीकाठची तीन एकर जमीन त्यांच्या नावावर. कौसाबाईच्या आईचं म्हणणं, त्यात आपल्या सासऱ्याचा, सटवाजीचा, निम्मा वाटा आहे. भावकीचं म्हणणं, सटवाजी आमच्या जमिनीत राबायचा, दुसरं काही नाही. कौसाबाईने अर्ज केला होता आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून जुन्या पहाणीची, म्हणजे पीकपाण्याच्या नोंदवहीची, नक्कल काढून आणली होती.

तिने पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मुन्शीजी, आमचा आजा मालक व्हता का गडी, तेवढं बघा."

कागदावर पट्टेदार, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन लागली तो, म्हणून भावकीच्या पूर्वजाचं नाव होतं. त्याच्या खाली, स्वच्छ अक्षरात, नुक्त्यांसकट, सटवाजीचं नाव आणि पुढे 'शिकमीदार'. वाचायला काहीच अवघड नव्हतं. मी फाईलीत शोधलं. 'अर्थ: पोटकूळ'. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली जमीन कसणारा. मी तेच लिहिलं.

ती म्हणाली, "जरा बारीक बघा. माझी माय म्हणायलीय आजा बरोबरीचा व्हता."

बाहेर आणखी दोघं थांबली होती. मी म्हणालो, "बाई, कागदावर आहे तेच सांगायलोय. माझ्या मनाचं सांगत नाही."

तिने कागद चार घड्या करून पिशवीत ठेवला आणि गेली.

यानंतर तीन वर्षं काही झालं नाही. म्हणजे मला काही कळलं नाही. मग गेल्या वर्षी पूर्णेहून नफीसा आपांचा फोन आला. त्या तिथल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांचे वडील निजामाच्या वेळी तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारे कारकून, होते. त्यांच्या भाच्याने कोणाकडून तरी माझी फाईल आणून छापून दिली होती आणि त्या पेन्सिल घेऊन ती पहिल्यापासून वाचत होत्या.

"मुन्शीजी, ये शिकमीदार के माने किसने लिखे?"

"मीच."

"कहाँ देखे?"

कुठे पाहिलं ते मला आठवेना. आपा म्हणाल्या, "आओ तुम. किताब दिखाती."

मी दुसऱ्या दिवशी पूर्णेला गेलो. आपांनी वडिलांचं पुस्तक काढून ठेवलं होतं, निजामाच्या वेळचा जमीन महसुलाचा कायदा, उर्दूत, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मग मला वाचायला लावलं, शाळेतल्या पोरासारखं. कायद्यात दोन वेगळे शब्द होते. असामी शिकमी म्हणजे कूळ, ते बरोबर. पण शिकमीदार म्हणजे पट्टेदाराच्या बरोबरीने ज्याचा जमिनीवर हक्क आहे तो. नाव एकाचं लागलं तरी वाटा दोघांचा. शिकम म्हणजे पोट. मी त्या पोटावरून पोटकूळ केलं होतं, खरा अर्थ पोटहिश्शाकडे जाणारा होता.

मी म्हणालो, "आपा, मला शंका होती. मी तिथे प्रश्नचिन्ह टाकलं होतं."

त्यांनी छापील पान चष्म्याजवळ नेलं. उलटून मागेही पाहिलं. "किधर है?"

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आत जाऊन त्या चहा करायला लागल्या आणि मी त्या बैठकीत मान खाली घालून बसून राहिलो.

घरी येऊन माळ्यावरची वही काढली. शिकमीदार, पुढे लाल पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह आणि खाली माझ्याच अक्षरात, 'विचारणे'. मी कोणालाच विचारलं नव्हतं.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. मी फाईल उघडली, पोटकूळ खोडून बरोबर अर्थ लिहिला, आणि गप्प बसलो. टेक्स्ट फाईलीत खाडाखोड दिसत नाही. वहीत खोडलं तर डाग राहतो, इथे चुकीच्या जागी बरोबर शब्द बसला की जणू तो पहिल्यापासून तिथेच होता. दोन महिने मी रोज टेबलावर बसलो, कागद वाचले, सह्या केल्या आणि स्वतःला सांगत राहिलो, की झाली दुरुस्ती.

आपांनीच परत फोन केला. "फाईल कितनों को दिए थे? सबको बोले क्या?"

"बोलायलोय, आपा," मी खोटं बोललो.

"और जो कागज पे सही किए?"

फोन ठेवला आणि संगणक लावला. मी केलेली सगळी भाषांतरंही टेक्स्ट फाईलींतच आहेत, हीच पद्धत, हीच शिस्त. त्यांत 'शिकमी' शोधायला एक निमिषही लागलं नाही. अकरा कागद निघाले. आठांत असामी शिकमी होतं, ते अर्थ बरोबर होते. तिघांत शिकमीदार होतं. पहिल्या कागदाचं कुटुंब जमीन केव्हाच विकून गेलेलं. दुसऱ्या कागदाच्या लोकांकडे वेगळे पुरावे होते, त्यांचं काम माझ्या कागदावर अडलं नव्हतं. तिसरा कागद सटवाजीचा.

त्या दिवशी वर्षाला बोलावून सगळं सांगितलं. ती मला 'मी म्हणाले होते' असं म्हणाली नाही. तिने वही घेतली, मी फाईल घेतली, आणि ती वाचत गेली तसतशी मी एकेक प्रश्नचिन्ह परत घालत गेलो. काढायला क्षण लागला होता, घालायला चार दिवस लागले.

मग वाटलेल्या फाईलींच्या मागे निघालो. सेलूच्या एका टायपिंग सेंटरात माझी फाईल पुस्तिका होऊन बसली होती, वर माझं नाव आणि खाली ठळक अक्षरात 'अधिकृत'. मी म्हणालो, हे अधिकृत कोणी लिहिलं? मालक म्हणाला, "तुमच्या फाईलीत एक बी शंका नव्हती की. आमाला वाटलं, तपासलेली हाय." त्याने माझ्यासमोर पेनाने शिकमीदाराची ओळ खोडली. त्याच्याकडून पुस्तिका नेलेले लोक कोण, ते त्याला सांगता आलं नाही. प्रत्येक गावी हेच झालं. मी एकाला दिलेली फाईल त्याने तिघांना दिली होती आणि त्या तिघांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती.

कौसाबाईच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती टोळीबरोबर गेलेली होती. घराला कुलूप होतं. आता खरं सांगायचं म्हणून सांगतो, ते कुलूप पाहून मला बरं वाटलं. फाट्यावर एसटीची वाट पाहताना मी चक्क भेळ खाल्ली.

टोळ्या परत आल्यावर पुन्हा गेलो. ती दारात तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं.

मी म्हणालो, "कौसाबाई, तो कागद मी चुकीचा वाचला होता."

"कोन्ता कागद?"

"तुमच्या आज्याचा. तो पोटकूळ नव्हता. बरोबरीचा वाटेकरी होता."

तिचा हात सुपात तसाच राहिला. "म्हंजी मालक?"

"निम्म्याचा."

तिने निवडलेले खडे अंगणात टाकले. मग म्हणाली, "तुमचा कागद दावला की समद्यांना. पारावर बसून उत्तमरावानं मोठ्यानं वाचला. म्हनला, बगा, तुमच्याच मानसानं लिहून दिलंय, तुमी आमचे कूळ. मी अर्ज माघारी घेतला. अंगठा दिला."

उत्तमराव हा त्या भावकीतला कर्ता माणूस.

"तो अर्ज परत उभा करायला लागेल ते मी करतो," मी म्हणालो.

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "माझी माय न्हाई मानली," ती म्हणाली. "म्हनायची, कागद चुकायलाय, मामंजी खोटं बोलनारे नव्हते. लय भांडली माझ्याशी. मीच तिला म्हनले, गप बस, एवढ्या मोठ्या मानसानं वाचलंय, तुला काय कळतंय. मंग ती बोलायचीच बंद झाली. मागल्या साली वारली."

मी हात जोडले.

"हात कशाला जोडायलाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. "तुमाला तवा ठाव नव्हतं का?"

"पक्कं ठाऊक नव्हतं."

"मंग तसं म्हनायचं की. ठाव न्हाई म्हनायला काय लागतंय? आमी रोज म्हनतो."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठली. "चला."

"कुठे?"

"पारावर. जितं वाचलं तितंच सांगा."

दुपारची वेळ, पारावर दहा-बारा माणसं होती. तिने कोणाला तरी पाठवून उत्तमरावांना बोलावून घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ कागद वाचून दाखवले, पण उभं राहून स्वतःची चूक वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. मी सांगितलं, शिकमीदार म्हणजे काय, मी काय लिहिलं होतं आणि ते अंदाजाने लिहिलं होतं. आपांच्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स दाखवली.

उत्तमरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुन्शीजी, तवा तुमी एक वाचलं, आता एक वाचायलाव. उद्या तिसरं वाचाल. आमी कोन्तं धरायचं?"

प्रश्न रास्त होता. लोक हसले. मी म्हणालो, "माझं नका धरू. पुस्तकातलं धरा." पण तोवर दोघं-तिघं उठून चालू लागले होते.

अर्ज पुन्हा उभा राहिला आहे. गंगाखेडच्या एका वकीलबाईंनी काम घेतलं. सुनावणीत उत्तमरावांच्या वकिलांनी माझ्या सहीचं पहिलं भाषांतर माझ्याच हातात दिलं आणि विचारलं, "ही सही तुमची?" माझी होती. "खाली लिहिलंय, 'मूळ कागदाप्रमाणे खरे व बरोबर'. हे अक्षर कोणाचं?" तेही माझंच होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं, पहिला अर्थ माझा अंदाज होता आणि लोकांत मला शंका आहेत असं दिसू नये म्हणून मी तो खात्री म्हणून दिला. कारकुनाने ते तसंच टाइप केलं. मी खाली सही केली. कौसाबाई मागच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर ती वकीलबाईंशी पुढच्या तारखेचं बोलली आणि एसटी स्टँडकडे निघून गेली. माझ्याशी बोलायचं तिला कारण नव्हतं.

निकाल लागलेला नाही. अंगठा दिलेला कागद वाटेत आडवा पडलेला आहे आणि तो तिथे माझ्यामुळे आहे. एकशे बारा शंकांपैकी साठ-सत्तर मी आपांच्या मदतीने फेडल्या, आणखी सात अर्थ चुकीचे निघाले. त्यांपैकी एकही सही केलेल्या कागदात आला नव्हता, हे माझं नशीब. माझी हुशारी त्यात काही नाही. आता फाईलीत मी पाचवी ओळ वाढवली आहे, 'कोणाला विचारलं'. ती कोरी असेल तर तो शब्द मी भाषांतरात तसाच ठेवतो आणि अर्थ माहीत नाही असं कंसात लिहितो. काही गिऱ्हाइकं त्यावरून नाक मुरडतात आणि दुसऱ्या टेबलाकडे जातात. जाऊ देत.

गेल्या महिन्यात एक बाई आली. चाळिशीची, कडेला पोर, हातात पिशवी. कौसाबाईच्या टोळीतली, शेजारच्या गावची. तिच्या सासऱ्याच्या वडलांचा एक कागद होता. मी भिंग काढलं, कागद टेबलावर पसरला.

"थांबा," ती म्हणाली. "कौसामावशीनं सांगितलंय, तुमीच वाचा म्हनली. पर आदी त्या पूर्णेच्या आपाला दावा, आन त्या हौ म्हनल्या की मंगच सही करा."

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट ऐकत होता, तो गालात हसला. पण मी भिंग परत डबीत ठेवलं, बाईचा कागद नीट माझ्या पिशवीत घातला आणि तिला परवा यायला सांगितलं. दुपारच्या गाडीने पूर्णेला निघालो.